वर्गणी मागायला कोणी आलंच नाही

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला मिरजेच्या हिंदू-मुस्लिम सलोख्यावरचा लेख वाचला. म्हणजे आधी तो फॅमिली ग्रुपवर येऊन पडला, चार जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले, मग मी वाचला. लेख चांगलाय, खोटं कशाला बोला. मीरासाहेबांचा दर्गा आला, उरुसातला चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) आला, गायक अब्दुल करीम खाँसाहेब आले, दर्ग्यातल्या चिंचेखालची संगीतसभा आली, सगळं जिथल्या तिथं. फक्त 2009ची गणेशोत्सवातली दंगल तेवढी एका ओळीत उरकलीय, ‘एखादा अपवाद वगळता’ म्हणून. त्या अपवादात मी नववीत होतो.

अफझलखान वधाची कमान, दगडफेक, ऐन रमजानात संचारबंदी, विधानसभा तोंडावर, हे मी काय नव्याने सांगायचं. तेव्हा तुम्हीच छापलंय सगळं. मला सांगायचंय ते पुढच्या वर्षीचं, जे कुणीच छापलं नाही.

आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी आमच्याकडे वर्गणीला यायचं. अब्बा सतारीच्या कारखान्यात, पंढरपूर भागातून आलेले भोपळे कापून साफ करायचं काम (भोपळे पंढरपूरचे आणि कापणारे मुसलमान, ही ओळ तुमच्या लेखकाला कशी सुचली नाही आश्चर्यच आहे, पुढच्या लेखाला फुकट घ्या). घरात पैसे मोजकेच पण वर्गणीची नोट आठवडाभर आधीपासून टीव्हीवरच्या फुलदाणीखाली ठेवलेली असायची. पोरं आली की अब्बा आधी पावतीपुस्तक हातात घेणार, शेजारच्यांनी किती दिले ते बघणार आणि त्यापेक्षा अकरा रुपये जास्त देणार. पोरं पावतीवर अब्बांचं नाव दरवर्षी चुकीचं लिहायची आणि अब्बा दरवर्षी खोडून परत लिहायला लावायचे. 2010ला पोरं गल्लीत आली, शेजारी थांबली, पावती फाडली, आणि आमचं दार सोडून पुढच्या दारात गेली. मी माडीवरून बघत होतो. अब्बा म्हणाले, आयेंगे. त्या वर्षी ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आली होती, पेपरवाल्यांना केवढा आनंद झाला असेल, टोपीवाला पोरगा आणि टिळेवाला पोरगा मिठी मारतानाचा तो ठरलेला फोटो तुम्हीही छापला असणारच. आमच्याकडे नोट फुलदाणीखाली तशीच होती.

आता यात कुणी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. पोलीस केस नाही, पंचनामा नाही. मग ते तुमच्या त्या ओळीत बसतं का नाही हे तुम्हीच सांगा.

त्यानंतर मी पाच वक्त नमाजी झालो. श्रद्धा वगैरे नंतरची गोष्ट, तेव्हा डोक्यात नुसता राग होता. थोरला भाऊ धर्मप्रचार करणाऱ्या जमातीत जायला लागला होता, त्याच्या मागोमाग मी. तिथं कळलं की दर्ग्यात जाऊन मागणं म्हणजे शिर्क, अल्लाच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवण्याचं पाप. अम्मी दर गुरुवारी मीरासाहेबांना जाणार आणि भाऊ दारात उभा राहून तिच्याशी वाद घालणार, म्हणजे तुम्ही ज्याला सलोख्याचं प्रतीक म्हणता त्यावरून आमच्या एका घरात दोन पार्ट्या. आणि गंमत बघा, मंडळातलाच एक पोरगा माझ्या वर्गात होता, त्याची आजी नवस फेडायला दर्ग्यात यायची, तीही यायची बंद झाली. नातवानं बंद केली. तो माझ्या भावाचं तोंड बघत नव्हता आणि दोघं काम एकच करत होते. यावर पुरवणी काढा की.

पुढं पुण्याला शिकायला आलो तेव्हा कुराण पहिल्यांदा मराठीतून वाचलं. अरबीतून पाठ होतं बरंच, अर्थ कधी कुणी सांगितला नव्हता. प्रश्न पडले ते मौलानांना विचारले, काही त्यांना आवडले, काहींवर त्यांनी विषय बदलला. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांना वारकरी संत मानतात, ते मला कॉलेजात कळले. मिरजेत असताना ना मदरशात कुणी नाव काढलं ना शाळेत. आज विचाराल तर रोजे धरतो, जुम्मा चुकवत नाही, दर्ग्यात जातो पण मागत काही नाही, उरुसाला चिंचेखाली पहाटेपर्यंत बसतो. भाऊ म्हणतो तू धड इकडचा नाहीस ना तिकडचा. रूममेट म्हणतो तू त्यांच्यातला वाटत नाहीस, आणि त्याला वाटतं आपण कौतुक केलं. वरून पुण्यातले काका लोक, मराठी किती छान बोलता हो तुम्ही! मग काय फारसी बोलू?

माझं म्हणणं एवढंच की हे ज्याचं त्याला एकट्याने निस्तरावं लागलं. घरात बोलायचं नाही, शाळेत तर नाहीच नाही. आणि तुमचा लेख वाचून वाटतं की मिरजेच्या पोरांना सलोखा बाळगुटीतूनच मिळतो. मंडळाची पोरं काही वर्षांनी परत यायला लागली, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू लिहितो. आता तर क्यूआर कोड पाठवतात. पण पुढच्या वेळी लेखकाला म्हणावं दोन-चार मंडळांची जुनी पावतीपुस्तकं मागून बघ, 2009च्या आधीची आणि नंतरची, त्यात कुठली नावं गाळली ते बघ आणि मग अपवाद म्हण.

ता.क. लेखाबरोबरच्या फोटोखाली ‘मिरजेची प्रसिद्ध सतार’ लिहिलंय, तो तानपुरा आहे. पडदे नाहीत, खुंट्या चारच, दिसत नाही का? 2024ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा सतारीला वेगळं आणि तानपुऱ्याला वेगळं मिळालंय आणि ती बातमी तुम्हीच छापली होती. अब्बांनी अख्खा लेख वाचला आणि फक्त यावरच चिडले. दुरुस्ती छापा. माझं नाव मात्र छापू नका, भाऊ तुमचाच पेपर घेतो.

एक वाचक, मिरज (सध्या पुणे)