ताई, तुमच्या उघड्या बोटांसाठी

प्रिय ताई,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही हसून विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

जोडीनं नाचताना दुसऱ्याच्या अंगाला कुठे, किती आणि कोणाच्या मर्जीनं हात लावायचा, हा माझ्या संशोधनाचा विषय. तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी "नाच म्हटलं की हात लागणारच" म्हणून विषय मिटवला. एका ज्येष्ठ शिक्षकांनी "मन साफ असलं की झालं" असं ऐकवून मला वाटेला लावलं. मन साफ आहे हे ठरवायचं कोणी? हात लावणारा गुरू आणि समोर कालच आलेली मुलगी, तर तिचा होकार कितपत खरा धरायचा? हे विचारलं की भेट आटोपायची. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही चर्चा बाजूला ठेवून मला थेट कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनच्या, म्हणजे अंगाला अंग टेकवून, एकमेकांचं वजन देत-घेत उत्स्फूर्त नाचण्याच्या वर्गात उभं केलंत. माझं वजन पाठीवर घेतलंत, आधाराला हात कमरेशी आला, पण बोटं मिटली नाहीत. तळवा टेकलेला, बोटं उघडी. मध्येच माझा श्वास अडकला. ते माझ्या ध्यानात येईपर्यंत तुम्ही गुडघे वाकवून माझे पाय जमिनीला टेकवले होते, हातही काढून घेतला होता. काय झालं, का झालं, काही विचारलं नाहीत. वर्गात कोणाला कळलंसुद्धा नाही.

ते न विचारणंच मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. प्रत्येक नकाराचं कारण द्यावं लागलं की माणसं नकार द्यायचंच सोडतात, विशेषतः नवखी.

नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत हा नृत्यप्रकार सुरू केला. पुढे दुखापती कानावर येऊ लागल्या, तेव्हा नावाचे हक्क राखून शिकवणाऱ्यांवर लक्ष ठेवावं असा विचार पॅक्स्टन आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी केला होता. तो सोडून १९७५ मध्ये त्यांनी आपसांत बोलण्यासाठी एक वार्तापत्र काढलं. 'कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली' हे नियतकालिक त्यातूनच आलं. पहारा नको, हे मलाही पटतं. पण मग जबाबदारी आधार देणाऱ्या प्रत्येकावर येते, आणि ती इतक्या सहजपणे पेललेली मी तुमच्याकडे पाहिली.

मुलाखतींत एक गोष्ट सारखी जाणवली. ज्यांनी त्रास दिला त्यांच्याबद्दल लोक भरभरून सांगतात. ज्यांनी जपलं त्यांच्याबद्दल "त्या चांगल्या आहेत" एवढंच. चांगुलपणा नेमका कसा वागतो, हात कधी काढतो, हे कोणी टिपून ठेवत नाही. मला ते टिपायचं आहे.

तुमच्या इच्छेप्रमाणे प्रबंधात तुमचं नाव नाही. पण त्या उघड्या बोटांवर एक अख्खं प्रकरण झालं आहे. ते आधी तुम्ही वाचा, पटणार नाही तिथे बेलाशक खोडा.

तुमची,
एक विद्यार्थिनी