कुत्रीची सोनोग्राफी म्हणजे चोचले नाहीत

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमची सोनी पॉमेरेनियन, वजन जेमतेम साडेतीन किलो, गेल्या महिन्यात पहिल्यांदाच व्यायली. मेटिंगपासून 61वा दिवस, संध्याकाळी हिरवट स्राव जायला लागला पण पिल्लू काय येईना, इथं साताऱ्यात एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले पहिलीच वेळ आहे, वेळ लागतो, सकाळपर्यंत बघा. माझा जीव काय थाऱ्यावर राहीना, रात्रीच गाडी काढली आणि खंबाटकी घाट ओलांडून पुण्याच्या बाजूला जिथं सोनोग्राफी होते तिथं गेलो.

डॉक्टरांनी पोटावरचे केस काढले, जेल लावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. दोन पिल्लं. एकाचे ठोके मिनिटाला 160 च्या आसपास, खरं तर 200 च्या वर पाहिजेत, आणि दुसऱ्याच्या छातीत काहीच हलत नव्हतं. लगेच सिझर केलं. एक वाचलं, आता घरभर लुडबुडतंय. दुसरं आधी गेलो असतो तर वाचलं असतं का, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव म्हणजे आत वार (पिल्लाला आईकडून रक्तातून पोसणारा भाग) सुटायला लागलेली असते, तिथं सकाळची वाट बघायचीच नसते, हे मला त्या रात्री कळलं. आणि छोट्या जातीत पिल्लं एक-दोनच असली की ती मोठी होतात, वाट अरुंद, मग अडतात. म्हणून मेटिंगची तारीख लिहून ठेवा, 25 ते 30 दिवसांच्या दरम्यान एक सोनोग्राफी कराच (पिल्लं मोजायला मात्र शेवटच्या आठवड्यातला एक्स-रेच बरा), आणि तारीख जवळ आली की ठोके बघायला परत एकदा.

लोक म्हणतात कुत्र्याला कशाला एवढा खर्च. अहो, तिची कळ कळच असते ना?

आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, म्हणजे शिकलेली माणसं जवळच आहेत. पशुसंवर्धन विभागाने सातारा शहरात आठवड्यातले निदान दोन दिवस छोट्या जनावरांची सोनोग्राफी ठेवावी आणि अडलेल्या कुत्रीसाठी रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर दवाखान्याच्या दारावर लावावा, एवढीच विनंती.

एक श्वानपालक, सातारा