'अंध' म्हणण्यापूर्वी उजेड तपासावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून महिन्यात गट साधन केंद्रांत, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील केंद्रांत, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या याद्या अद्ययावत होतात. गेली सोळा वर्षे फिरती विशेष शिक्षिका म्हणून या याद्या हाताळताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. ज्या मुलाला थोडेबहुत दिसते त्याच्याही नावापुढे सरसकट 'अंध' लिहिले जाते, त्याच्या हाती ब्रेलपाटी येते, आणि त्याला जे दिसते ते अधिक ठळक कसे दिसेल, हे कोणी पाहतच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अंधत्व आणि अल्पदृष्टी यांत स्पष्ट फरक करतो. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. (६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरूनच दिसणे.) डोळे वापरले तर उरलीसुरली नजरही जाईल, या भीतीने पूर्वी अशा मुलांना वाचूच दिले जात नसे, आणि गावाकडे आजही आजीआजोबा तेच सांगतात. अमेरिकेतील विशेष शिक्षणतज्ज्ञ नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मात्र दाखवून दिले, की नजरेचे मोजमाप फारसे बदलले नाही तरी पद्धतशीर सरावाने मुले आहे तीच दृष्टी अधिक चांगली वापरू लागतात.

हा सराव कुठे सुरू करायचा, हे मला एका पोषण आहाराच्या पंगतीत कळले. दुसरीतील एक मुलगी स्टीलच्या ताटात बोटांनी भात चाचपत बसली होती. ताट चकचकीत, भात पांढरा आणि समोरच्या खिडकीतून ऊन थेट ताटावर आलेले. सांडलवंड करते म्हणून ती रोज बोलणी खात असे. मी तिला खिडकीकडे पाठ करून बसवले आणि घरून गडद निळे प्लास्टिकचे ताट आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने न चाचपता घास उचलला.

वर्गातही हेच घडते. खडूची भुकटी पुसून पुसून करडा झालेला फळा ओल्या फडक्याने पुसला, तरी अक्षर उठून दिसते. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती पानावर ठेवली, की वरखालच्या ओळींची गर्दी आणि कागदाची चमक दोन्ही झाकली जातात. पिवळा पारदर्शक कागद पानावर ठेवल्यास काही मुलांना छपाई ठळक दिसते. डॉक्टर एक्स-रे पाहतात तशा, दुधी काच व आत दिवे असलेल्या प्रकाशपेटीवर काळ्या पुठ्ठ्याची अक्षरे किंवा आकाशकंदिलाच्या जिलेटीन कागदाचे आकार ठेवून लहान मुलांना शिकवता येते. मेंदूतील इजेमुळे दृष्टी अधू झालेली अनेक मुले काळ्या कापडावरच्या एकाच लाल किंवा पिवळ्या वस्तूकडे आधी वळतात, आणि त्याच वस्तूभोवती चार चित्रे मांडली की पुन्हा नजर काढून घेतात.

अर्थात, जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणे, असे मुळीच नाही. त्वचेत व डोळ्यांत रंगद्रव्य नसलेल्या मुलाला तीच प्रकाशपेटी असह्य होते, आणि फिट येणाऱ्या मुलापुढे लुकलुकणारा दिवा धोक्याचा ठरू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांचा अहवाल आणि काही दिवसांचे निरीक्षण यांशिवाय काहीही सुरू करू नये. वाचनदोषावर, म्हणजे डिस्लेक्सियावर, इलाज म्हणून विकले जाणारे रंगीत चष्मे व कागद ही निराळीच बाब आहे. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्तपणे सांगितले आहे. पालकांनी या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत अध्ययन साहित्य व सहायक साधने मोफत देण्याची जबाबदारी वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये नमूद आहे. प्रत्यक्षात साहित्यवाटपाच्या शिबिरात सर्वांसाठी एकाच प्रकारचा संच येतो. साधन ठरवण्याआधी विशेष शिक्षकाने मुलाला त्याच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर, सकाळी आणि दुपारी असे दोनदा पाहावे आणि ती नोंद मागणीपत्राला जोडावी, एवढी एक अट शिक्षण विभागाने घालावी. खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे शिबिराच्या मंडपात बसून कळत नाही.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका