यू-९ ‘अत्याधुनिक’ नव्हती

संपादक महाशय,

पहिल्या महायुद्धात ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या, त्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र त्यात जाता जाता यू-९ या जर्मन पाणबुडीला ‘अत्याधुनिक’ म्हटले आहे, ते खटकले. माझी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, म्हणूनही असेल.

१९१० साली डान्झिगच्या गोदीतून पाण्यात उतरलेली यू-९ युद्ध सुरू होईपर्यंत जुनी झाली होती. नव्या जर्मन पाणबुड्यांत डिझेल इंजिने आली होती. ही मात्र पाण्यावर असताना चक्क रॉकेलवर चाले. तिचा पांढरा धूर लांबून दिसे, रात्री ठिणग्या उडत. बुडी मारायची तर आधी धुराडे आडवे करायचे! टॉर्पेडो अवघे सहा.

२२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी हॉलंडच्या किनाऱ्यासमोर कप्तान ऑटो वेडिगेनने ते सहाही सोडले आणि दीड तासाच्या आसपास ‘अबुकीर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर (युद्धनौका) बुडाल्या. १,४५९ माणसे गेली. यात ब्रिटिशांच्या स्वतःच्या चुकांचा वाटा मोठा होता. जहाजे जुनी, त्यांवर बरेचसे राखीव दलातले खलाशी आणि कोवळी कॅडेट पोरे. त्यांच्याच आरमारात या ताफ्याला ‘जिवंत आमिष’ म्हणत. वादळामुळे सोबतच्या विनाशिका माघारी गेलेल्या. तरी तिन्ही जहाजे नागमोडी न जाता संथपणे सरळ चालली होती. ‘अबुकीर’च्या कप्तानाला वाटले सुरुंग लागला, त्याने बाकीच्या दोघींना जवळ बोलावले. ‘होग’ने बुडणाऱ्यांसाठी होड्या सोडल्या आणि तिलाही टॉर्पेडो लागले. हे पाहूनही ‘क्रेसी’ मदतीला थांबली. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पाण्यात आपली माणसे दिसत असताना इंजिन ‘फुल अहेड’ (पूर्ण वेगाने पुढे) कोण करील?

एमडनने मद्रासवर तोफा डागल्या त्या त्याच रात्री. पुढे कैसरने (जर्मन सम्राटाने) आयर्न क्रॉस या शौर्यपदकाचे चिन्ह मिरवण्याचा मान दिला तोही एमडन आणि यू-९ या दोनच नौकांना. आपल्या लेखात हा योगायोग यायला हवा होता.

वेडिगेनला नंतर नवी, डिझेलवरची यू-२९ मिळाली. मार्च १९१५ मध्ये ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेने धडक देऊन ती बुडवली, एकही माणूस वाचला नाही. रॉकेलवरची यू-९ मात्र युद्ध संपेपर्यंत टिकली आणि शरणागतीनंतर इंग्लंडमध्ये भंगारात निघाली.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, अलिबाग