मोत्याची थाळी सातलाच!

महोदय,

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीतील शेजाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून हात जोडून विनंती : माझ्या मोत्याला येता-जाता काही भरवू नका. मोत्या ६ वर्षांचा, गावठी कुत्रा. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, अशी दोनदाच त्याची थाळी लागते. तीही पंधरा-वीस मिनिटं. मग उरलेलं उचलायचं. (आमचे हे याला ‘हॉस्टेलची मेस’ म्हणतात.) पिल्लू असताना चारदा द्यावं लागे, पोटच एवढंसं. आता पावणेसातला तो ओट्याशी येऊन बसतो, घड्याळ बघायला नको. खाऊन थोड्या वेळाने दाराशी जातो, खाली नेलं की काम फत्ते. आणि थाळीला तोंड लावलं नाही, तर काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं.

पण लिफ्टमध्ये कुणाचं बिस्किट, वॉचमनदादांचा पाव असं चाललं तर कळणार कसं? दिवाळीत एका काकूंनी मनुका घातलेला शिरा भरवला. मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तासाभरात रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उलटी करवली, पुढे दोन दिवस सलाइन. काकू बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. ‘उपाशी दिसत होता हो,’ म्हणाल्या. तो जेवून उठल्यावरही तसाच दिसतो!

लाड करायचेच तर शेपटीच्या वर, पाठीवर खाजवा. त्याला सातची वाट बघावी लागत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे