वाळूच्या टेकड्या चालतच पाहाव्यात

महोदय,

सुटीत आपल्याकडची बरीच कुटुंबे व्हिएतनामला जातात. त्यांनी हो ची मिन्ह शहरापासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या मुई ने इथली वाळूच्या टेकड्यांची अर्ध्या दिवसाची सहल जरूर करावी. अनोळखी प्रवाशांबरोबर एका जीपमध्ये बसले की माणशी खर्च बराच कमी होतो. मासेमारांचे गाव, लाल टेकड्या आणि बाऊ त्रांगच्या पांढऱ्या टेकड्या एवढे सगळे त्यात होते. शक्यतो पहाटेची फेरी घ्यावी. तेव्हा वाळू थंड असते, अनवाणी चढता येते आणि माथ्यावरून खालचे कमळांचे तळे दिसते.

तिथे चारचाकी मोटरबाइक भाड्याने घेण्याचा आग्रह होतो. तो मानू नये. ते भाडे बहुधा सहलीच्या दराबाहेरचे असते, शिवाय त्या गोंगाटात वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या रेघा पुसल्या जातात. वयस्कर माणसांनाही सावकाश चालत बरेच वर जाता येते.

आपल्या शेजारी गोव्यात मोरजी-मांद्रे इथेही अशा टेकड्या आहेत. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत त्यांचा समावेश सर्वांत संवेदनशील गटात आहे, तरी बांधकामांपायी त्या सपाट होत गेल्या, याचे फार वाईट वाटते. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल तिथे पर्यटकांच्या पायाखाली तुडवली जाते. गोव्याच्या पर्यटन खात्याने लाकडी फळ्यांची वाट बांधून, माहीतगार स्थानिकांसोबत अर्ध्या दिवसाची स्वस्त पायी सहल सुरू करावी. वाहनांना मात्र तिथे पूर्ण बंदी हवी.

– एक वाचक, ठाणे