तपासा म्हणता, पण कशी ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्तनांच्या कर्करोगावरचा लेख वाचला. ‘प्रत्येक स्त्रीने दर महिन्याला स्वतःची तपासणी करावी’ हे वाक्य त्यात तीनदा आलं. कशी करावी, हे एकदाही नाही. असं वाक्य मी वीस वर्षं वाचत आले आणि वीस वर्षं चुकीचं तपासत राहिले.

अंघोळ करता करता घाईने चिमटीत धरून चाचपायचं, एवढंच मला माहीत होतं. चिमटीत धरलं की काही ना काही गाठीसारखं लागतंच, कारण स्तनाचा आतला भाग मुळातच थोडा गुठळ्यांचा असतो. दोनदा अशीच घाबरले, मग तपासणंच सोडलं. पुढे खरी गाठ निघाली ती स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या बाजूला. माझा हात तिथवर कधी गेलाच नव्हता. स्तनांचे कर्करोग सर्वांत जास्त याच भागात होतात, हे मला उपचार सुरू झाल्यावर कळलं. ती गाठ लागली डॉक्टरीणबाईंच्या हाताला, मी भलत्याच तक्रारीसाठी गेले असताना.

नीट तपासायला मला एका परिचारिकेने शिकवलं, माझी बोटं स्वतःच्या हातात धरून. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, स्तन जड किंवा दुखरे नसताना पाहायचं. पाळी गेलेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवायची. आधी आरशासमोर उघड्या अंगाने उभं राहायचं: हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर नेऊन. कुठे खळी पडते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलंय का, लाली किंवा पुरळ आहे का, हे बघायचं. दोन्ही स्तन अगदी सारखे कुणाचेच नसतात, त्याची धास्ती नको.

मग पाठीवर झोपायचं. डावा स्तन तपासताना डाव्या खांद्याखाली उशी, डावा हात डोक्याखाली, आणि तपासायचं उजव्या हाताने. मधली तीन बोटं जोडून ठेवायची. टोकं रुतवायची नाहीत. कागदावर ठसा उमटतो तो बोटाचा मऊ भाग टेकवायचा. एकेका जागी रुपयाएवढी लहान वर्तुळं तीनदा फिरवायची: पहिल्यांदा हलक्या हाताने, मग थोडं दाबून, मग बरगडी जाणवेपर्यंत. बोटं न उचलता पुढे सरकायचं, वरून खाली, खालून वर, शेतात तास घालावेत तसं, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या कडेपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. खालच्या कडेला घट्ट कंगोरा लागतो, तो बहुतेकींना असतोच. काख बसून तपासावी आणि हात थोडासाच उचलावा. पूर्ण वर नेला की तिथला भाग ताणला जातो आणि बोटांना नीट कळत नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त कामगार स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांना स्वतपासणी शिकवली होती त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींसाठीच्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, मात्र वाढल्या. म्हणून घरच्या तपासणीच्या भरवशावर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा डॉक्टरांची तपासणी कुणी टाळू नये. तरीही मी शिकवत राहणार. आपलं नेहमीचं काय, हे हाताला ठाऊक असेल तरच नवं काय ते कळतं. नवी गाठ, स्तनाग्रातून दाबल्याशिवाय येणारा रक्ताळ स्राव, काखेतली सूज, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नये. माझी गाठ जराही दुखत नव्हती. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी करायचा.

आणि कृपया ‘स्तन’ हा शब्द सरळ छापा. अवघड जागेचं दुखणं म्हणून आपण तो गिळतो, आणि मग मुली ‘छातीत काहीतरी’ एवढंच सांगून गप्प बसतात.

पुढच्या अंकात या कृतीचं चित्र द्यावं, अशी विनंती. एका पत्रकातल्या चित्रात बोटं स्तनाच्या गोलाईपाशीच थांबलेली मी पाहिली आहेत. आपल्या चित्रकाराला काखेपर्यंत नेऊ द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका